मिशनरी बाईचं पुस्तक तुम्ही का वाचायला देता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. नव्याने रुजू झालेली मुलंमुली विचारतात, "बाई, पहिलीच नेमणूक कोकणात, तीही वाडीवरच्या शाळेत. काय वाचू?" मी कपाटातून 'क्रिस्टी' नावाची जाडजूड इंग्रजी कादंबरी काढून देते. मग गावातली जाणती मंडळी विचारतात, "बाई, मिशनरी बाईचं पुस्तक? आणि तुमच्या हातून?" हा दुसरा प्रश्न हल्ली वरचेवर येतो, आणि जरा आवाज चढवून येतो.

आधी पुस्तकाविषयी थोडं. कादंबरी १९६७ सालची, लेखिका कॅथरीन मार्शल. क्रिस्टी हडलस्टन ही एकोणीस वर्षांची, खात्यापित्या घरची मुलगी, अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिलची. चर्चच्या एका मेळाव्यात डोंगरातल्या मुलांविषयीचं भाषण ऐकते, आणि १९१२ च्या जानेवारीत, भर बर्फात, टेनेसीच्या डोंगरातल्या कटर गॅप या वस्तीवर शिकवायला निघते. स्टेशनवर तिला न्यायला कुणीच आलेलं नसतं. शेवटी टपाल घेऊन जाणाऱ्या माणसामागून ती पायी वाट धरते. वाटेत गोठलेल्या पाण्यावरचा ओंडक्याचा साकव. कटर गॅप नकाशावर सापडायचं नाही. पण लेखिकेची आई, लिओनोरा व्हिटेकर, तरुणपणी खरोखरच त्या डोंगरात शिकवायला गेली होती आणि आईच्या आठवणींवरच हे पुस्तक उभं आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत त्यावर टीव्ही मालिकाही आली. मालिका गोड आहे. पुस्तक तेवढं गोड नाही, म्हणून मी पुस्तक देते.

आता जाणत्यांची शंका. आपण ज्या किनाऱ्यावर राहतो तिथे मिशनरी ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. बाणकोट आणि हर्णै ही स्कॉटिश मिशनची या बाजूची अगदी सुरुवातीची ठाणी. डोनाल्ड मिचेल १८२३ मध्ये इथे आला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून आलेल्यांनी शाळा काढल्या. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला आले ते हर्णैलाच. शाळा बऱ्याच निघाल्या, ख्रिस्ती झाले ते थोडे. पुढे दापोलीच्या मिशन हायस्कुलात साने गुरुजी शिकले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, १९६३ चे भारतरत्न पां. वा. काणेही दापोलीच्या मिशन शाळेतूनच मॅट्रिक झाले. त्या लोकांच्या मनात धर्मप्रसार नव्हता असं मी म्हणणार नाही. होता, आणि ते तो लपवतही नव्हते. आपल्या लोकांनी तिथलं शिक्षण घेतलं, बाकीचं बहुतेकांनी त्यांच्याकडेच ठेवलं.

पण मुद्दा निराळाच आहे. कटर गॅपमध्ये बाटवायला कुणी शिल्लकच नाही. सगळे आधीपासून ख्रिस्ती. बायबल मानणारे, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर धरून एकमेकांवर बंदुका झाडणारे, चोरून दारू गाळणारे. मूळचे स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेले. गंमत बघा, स्कॉटलंडची माणसं आपल्याला शिकवायला हर्णैच्या बंदरात उतरली, आणि त्यांच्याच भाऊबंदांना शिकवायला पुढे जवळपास नव्वद वर्षांनी टेनेसीच्या डोंगरात मिशन काढावं लागलं! म्हणजे या कादंबरीत शहरातले ख्रिस्ती डोंगरातल्या ख्रिस्त्यांना सुधारायला निघालेले आहेत. धर्म घडीभर बाजूला ठेवा. मग उरतं काय, तर शिकलेल्या माणसाने परक्या वस्तीवर जाऊन उभं राहणं. ते आपल्याकडे सतत चालू असतं, फक्त हातात जिल्हा परिषदेची ऑर्डर असते.

रत्नागिरीतल्या शाळांवर येणारी कितीतरी मुलंमुली घाटावरची असतात, मराठवाड्यातली, विदर्भातली. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. ते मानधन महिना ६,००० होतं, २०२३ पासून १६,००० झालं. एवढ्यात खोलीचं भाडं, गॅस आणि गावाकडे पाठवायचे पैसे भागवणाऱ्या मुलीला मी त्यागाच्या आणि सेवेच्या गोष्टी सांगाव्यात, हे मला पटत नाही. 'क्रिस्टी'ला सगळे प्रेरणादायी कादंबरी म्हणतात. मी ती प्रेरणेसाठी देत नाही. तिच्यातली प्रेरणा हा मला तिचा सर्वांत कच्चा भाग वाटतो.

मी देते ती किळसेसाठी. शिक्षकांच्या पुस्तकांत किळस सापडत नाही. इथे सापडते. क्रिस्टीची शाळा म्हणजे एक खोली, रविवारी तिथेच चर्च भरायचं. जमिनीच्या फळ्यांखाली डुकरं. बर्फातून अनवाणी आलेली मुलं, ओल्या कपड्यांचा आणि न धुतलेल्या अंगांचा वास. तिला मळमळतं, पळून जावंसं वाटतं, आणि लेखिका ते झाकत नाही. मिशनचा सगळा भार जिच्यावर आहे ती मिस ॲलिस हेंडरसन, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची प्रौढ बाई, या पोरीला कुरवाळत बसत नाही. तिच्या भेटीचे प्रसंग सावकाश वाचावेत.

आमच्याकडे लातूर बाजूची एक मुलगी बंदराजवळच्या शाळेत आली होती. घरी अंडंसुद्धा चालत नसे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या, आणि शाळेच्या मागच्या पुळणीवर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत पडला. वास थेट वर्गात. ती ओढणी नाकाला लावून शिकवायची. मुलांना त्याचं काही वाटलं नाही, आयांना वाटलं. एक आई पोराला सोडायला येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला सोसत नाय ना?" आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असणार. दुसऱ्या दिवशीपासून तिचा मुलगा रोज आंघोळ करून, केसांना तेल चोपडून, वर पावडर लावून येऊ लागला. तो इतका नटून आला की ती पोरगी वर्गातच रडली. पुढे परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी तिला जवळा कसा पसरतात, कधी उलटतात, पाऊस आला तर काय होतं, टोपलीमागे किती पैसे येतात ते शिकवलं. तिने त्यावर गणितं घातली. वास काही गेला नाही. ती अजून मासळी खात नाही, पण ओढणी सुटली. हे कसं होतं ते मला तिला समजावून सांगता आलं नसतं. पुस्तकातल्या त्या पानांपाशी तिने खूण घातली होती, एवढं मी पुस्तक परत आल्यावर पाहिलं.

दुसरी जागा माउंटी ओटीलची. ही लहान मुलगी, बोलताना अडखळणारी, पोरं चिडवणारी. क्रिस्टी तिच्या कोटाला छान बटणं शिवून देते आणि ती पोर आपली बटणं दाखवत बोलू लागते. खरं सांगू? वर्गात इतकं चटकन काही होत नाही. तरी एक गोष्ट लेखिकेने बरोबर पकडलीय. माउंटी कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडत नाही. स्वतःचं काहीतरी दाखवायला उघडते. आपण मात्र साहेब तपासणीला आले की मुक्या पोरालाच उभं करून राजधानी विचारतो.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती फेअरलाइट स्पेन्सर. डोंगरातली बाई, पोराबाळांची आई, देखणी, हुशार. निरक्षर. तिला वाचायला शिकायचं आहे. कुणी योजना राबवली म्हणून नाही, तिला स्वतःला हवं म्हणून. क्रिस्टी तिला शिकवते, आणि हळूहळू शिकवणारी कोण नि शिकणारी कोण ते उलटपालटं होतं. रानातली झाडंपानं, तिथल्या माणसांची मनं, हे क्रिस्टीला तिच्याकडून कळतं.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला वाडीत अशीच एक वहिनी होती. नवरा गिरणीत, परळला. तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत चूल मनीऑर्डरवर पेटायची. पोस्टमन ओट्यावर बसून पैसे मोजून द्यायचा आणि पत्र आलं असेल तर तेही वाचून दाखवायचा, सासूसासरे, दीर, शेजारी सगळ्यांसमोर. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र सगळी वाडी ऐकायची. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. मनीऑर्डरी आटल्या, पत्रं वाढली. त्या पत्रांत जे असायचं ते चारचौघांत ऐकण्यासारखं नव्हतं. ती एके संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर माझ्या खोलीवर आली आणि म्हणाली, "बाई, मला फक्त त्यांचं अक्षर वाचायला शिकवा." छापील अक्षर नको, पाटी नको, त्यांचं अक्षर. मग आम्ही पाकिटावरून सुरुवात केली. आधी गावाचं नाव, मग तिचं स्वतःचं, मग 'मुक्काम पोस्ट'. 'ग म भ न' मागाहून आलं. तिचा नवरा 'र' फार वाकडा काढायचा, त्यामुळे पुस्तकातला सरळ 'र' बरेच दिवस तिला ओळखू येईना! पुढे ती पोस्टमनच्या हातून पत्र घेऊन पदराखाली धरून आत जायची. सासूला हे आवडलं नाही. मलाही वाडीत चार शब्द ऐकावे लागले.

कादंबरीतली फेअरलाइट विषमज्वराच्या साथीत जाते. इथे क्रिस्टीची श्रद्धा मुळापासून हलते, आणि लेखिका तिला तिथून घाईने बाहेर काढत नाही. धार्मिक पुस्तकात इतका प्रामाणिक राग मी कमी वाचला आहे. ओपल मॅकहोनच्या तान्ह्या बाळाचं प्रकरणही तसंच अवघड. बाळाचं यकृत चिकटलं आहे अशा समजुतीने आई त्याचे हातपाय ताणते आणि बाळ दगावतं. रागवायचं कुणावर? अंगाऱ्यावर आणि भगतावर भरवसा ठेवणाऱ्या घरातल्या आईशी बोलायला जाण्यापूर्वी नव्या शिक्षकाने ही पानं जरूर वाचावीत.

पटत नाही तेही सांगते. पाद्री डेव्हिड ग्रँटलंड आणि डॉक्टर नील मॅकनील, दोघांचं मन क्रिस्टीवर, आणि त्यात पानंच्या पानं जातात. ते एक असो. मोठी तक्रार अशी की डोंगरातली माणसं गरीब का, हा प्रश्न पुस्तकात कडेकडेनेच फिरतो. त्याच काळात बाहेरच्या लाकूड कंपन्या त्या डोंगरांतली रानं तोडून नेत होत्या. पुढे १९३४ मध्ये तिथे ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यासाठी कितीतरी कुटुंबांना घरंदारं सोडावी लागली. कादंबरी वाचताना वाटतं, दारू, वैर आणि अडाणीपणा गेला की झालं. आपल्याकडेही शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाला जबाबदार धरतात. वाडीतली तरणी माणसं विरार-नालासोपाऱ्याला का राहतात आणि कातकऱ्यांची मुलं दिवाळीनंतर वीटभट्टीवर का जातात, हे कागदावर मांडायला रकाना नसतो.

शिवाय कादंबरी जेमतेम वर्षभराची आहे. बाई आल्यावर वस्ती बदलते, हे दिसतं. बाई गेल्यावर काय होतं, ते नाही. आमच्याकडच्या पालकांना मात्र नेमकं तेच माहीत असतं. आंतरजिल्हा बदलीची यादी लागली की ते विचारतात, "तुमचं नाव हाय काय?" मी बदली मागणाऱ्यांना दोष देत नाही. म्हातारे आईवडील नांदेडला असतील तर माणूस जाणारच. फक्त हा प्रश्न पुस्तकात शोधू नका.

इंग्रजी जड जातं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की डोंगरातल्यांची बोली लेखिकेने जशीच्या तशी स्पेलिंगमध्ये उतरवली आहे. डोळ्यांनी वाचलीत तर अडाल, मोठ्याने वाचा. सुरुवातीचा बर्फातला प्रवास, शाळेचा पहिला दिवस, माउंटीची बटणं आणि फेअरलाइट आधी वाचा. पाद्री की डॉक्टर, याची उत्सुकता असेल तर मधलं वाचा, नसेल तर सोडा. आणि पुस्तक परत आणून द्या. माझ्याकडे एकच प्रत उरली आहे, आणि खेडकडच्या एका धनगरवाडीवरच्या सरांनी गणपतीआधी मागून ठेवली आहे.