लायलॅक आपल्या वाडीत लागेल का?

ज्यांची मुले कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झाली आहेत, असे आमच्या विदर्भातील काटोल-वरुड या संत्रा पट्ट्यातील अनेक जण तिकडून आलेले जांभळ्या घोसांचे फोटो दाखवून मला विचारतात, की हे सुवासिक लायलॅक, म्हणजे थंड प्रदेशातले फुलझुडूप, आपल्याकडे लागेल का? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

रोप कदाचित जगेल, पण फुलणार नाही. आणि त्याला आपल्या उन्हापेक्षा आपली अपुरी थंडी अधिक कारणीभूत आहे. संत्र्याच्या बागाईतदाराला हे फार समजावून सांगावे लागत नाही. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी, आपण एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि पाऊस पडल्यावर नवतीबरोबर फुले येतात. लायलॅकलाही अशी विश्रांती लागते, मात्र ती पाणी तोडून देता येत नाही. फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर तयार होतात आणि शून्य ते सात अंशांच्या आसपासच्या थंडीत कित्येक आठवडे काढल्यावरच त्या वसंतात नीट उमलतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे शेकोटी पेटवावी लागली, तरी दुपारी पारा पुन्हा २८ अंशांवर जातो. भारतात याचा एक भाऊबंद आहे, पण तो हिमालयात, २,००० मीटरच्या वर. मोगरा आणि पारिजातक याच कुळातले असल्याने सुगंधाची हौस त्यांच्यावर भागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांना मात्र तिकडे लायलॅक अवश्य लावायला सांगा, कारण उणे ३०-४० अंशांतही ते तग धरते. जागा दिवसातून सहा तास उन्हाची आणि निचऱ्याची हवी. चुनखडीची जमीन त्याला मानवते, साचलेले पाणी मानवत नाही. छाटणी फुले सरताच, लगेच करावी. हिवाळ्याच्या तोंडावर झाड नीटनेटके करण्याच्या नादात जो कात्री चालवतो, तो पुढच्या वर्षीची फुलेच कापून टाकतो, आणि ‘झाड वांझ निघाले’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. जुन्या झाडाचे सर्वांत जाड दांडे दरवर्षी थोडे थोडे बुडापासून काढावेत. जिथे वसंतात उशिरा हिमतुषार पडतो, तिथे कॅनडातील ओटावात वनस्पती-संकरक इझाबेला प्रेस्टन यांनी १९२०च्या दशकात तयार केलेले संकरित वाण निवडावेत, कारण ते साधारण दोन आठवडे उशिरा फुलतात. उन्हाळा सरताना पानांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) दिसली, तर आपल्या सवयीप्रमाणे लगेच फवारणीचा सल्ला देऊ नका. तिने पाने विद्रूप होतात, झाड सहसा मरत नाही.