सायकलची सीट बोचते? आधी माप घ्या

दुकानात अंगठा रुतेल अशी मऊ सीट हटकून गळ्यात मारतात. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढ-उतारांवर तासाभरात तिचं पितळ उघडं पडतं: हाडं सीटमधल्या मऊ जेलमध्ये रुततात, मधला भाग वर येतो आणि नाजूक जागी मुंग्या येतात.

बसायच्या दोन हाडांमधलं अंतर घरीच मोजता येतं. दगडी पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पुढे झुकून मिनिटभर बसा. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि त्यात 20 ते 30 मिमी मिळवा. 115 आलं, तर 140च्या आसपासची सीट बघा.

उंची ठरवताना पेडल खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. कंबर डुलत असेल तर सीट उंच आहे. लेव्हल (पाणसळ) लावून सीट सपाट ठेवा. टोक फार खाली केलंत तर घसरून सगळा भार मनगटांवर येतो. पॅडच्या शॉर्ट्सखाली चड्डी नको, शिवण काचते.

आणि खाऱ्या हवेत सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये घट्ट अडकून बसतो. पावसाळ्याआधी आणि नंतर तो बाहेर काढून, पुसून ग्रीस लावा. कार्बन फायबरचा असेल तर मात्र ग्रीस नाही, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट.