दोन वाजता येतो म्हणाला

टांझानियातल्या मोशीला आल्यावर पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरातला नळ गळायला लागला. इथे गवंडी, प्लंबर, शिंपी, मेकॅनिक सगळ्यांना एकच शब्द, फुंडी. तर फुंडीला फोन केला. तो म्हणाला, "केशो, सा म्बिली." केशो म्हणजे उद्या, म्बिली म्हणजे दोन. आकडे मी भारतातूनच पाठ करून आले होते. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या लॅबमधून अर्धी रजा काढली, दोनच्या आधी घरी येऊन बसले. पाच वाजले तरी पत्ता नाही. संतापून फोन केला, तर तोच माझ्यावर चिडलेला. दोन वाजता येऊन दार वाजवून गेला म्हणे!

भांडण शेजारच्या बाईंनी सोडवलं. (इथे बाईमाणसाला आदराने 'मामा' म्हणतात. मला अजूनही हाक मारताना हसू येतं.) त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळातल्या आठवर बोट ठेवलं, मग बरोबर समोरच्या दोनवर. स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. संध्याकाळी सहाला बारा वाजतात आणि रात्रीची मोजणी पुन्हा एकपासून. मोबाइलवर ८:०० दिसत असतात आणि माणूस बिनदिक्कत 'दोन' म्हणून वाचतो. विषुववृत्त इतकं जवळ, की बारा महिने सूर्य साधारण साडेसहाच्या आगेमागे उगवतो, त्यामुळे हिशेब चुकत नाही.

मला एकदम आजी आठवली. "कासराभर दिवस वर आला, उठा आता!" आपल्या जुन्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजलेल्या. सांगलीकडची मी, मला हे इतकं परकं वाटायला नको होतं.

बाकी भाषेने फार छळलं नाही. दुकान म्हणजे दुका, मोटार म्हणजे गारी, विमा म्हणजे बिमा. घरमालकाने भाडं 'लाकी ताटू' सांगितलं तेव्हा छातीत धस्स झालं होतं. तीन लाख! पण ते शिलिंग. घोटाळा झाला तो मक्याच्या कणसांपाशी. मका म्हणजे 'महिंदी' आणि आपण भारतीय 'वाहिंदी'. बाजारात मी काय मागितलं असेल ते सांगत नाही, पण भाजणारी बाई पोट धरून हसली.

किलिमांजारो पर्वत, ५,८९५ मीटरचा, दिवसभर ढगांत दडून बसतो. पहाटे नाहीतर सूर्य कलताना बाहेर येतो, म्हणून संध्याकाळचा चहा मी पायरीवरच घेते. परवा त्याच वेळी आईचा फोन आला.

"किती वाजले गं तुझ्याकडे?"

"बारा," मी बोलून गेले.

"अगं, इथे आत्ता साडेआठ होतायत! आणि बारा वाजेपर्यंत जागी कशाला?"