विषयाच्या एका ओळीने खाल्लेले साडेचार महिने

अर्जात ‘विषय’ म्हणून जी ओळ लिहितो, ती मी नीट विचार करून लिहिली असती तर आमची पुराच्या खुणांची भिंत नाताळच्या आत रंगवून झाली असती. अजून आठवलं की चिडचिड होते, म्हणून आधी तेच सांगते.

मी कोल्हापुरात, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहते आणि मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. आमच्याकडे पावसाळ्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, “किती फूट झालं?” पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जयंती नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं, तेही गणपतीच्या मूर्ती अर्ध्या रंगवून ठेवलेल्या असताना. त्या हलवताना काय हाल झाले ते मी पाहिलेत. घराघरांत पाणी कुठवर आलं त्याची खूण आहे. कुणी खिळ्याने ओरखडा काढलाय, कुणी खडूची रेघ मारलीय. या सगळ्या खुणा रस्त्यावरच्या एका भिंतीवर याव्यात आणि त्या गल्लीने स्वतःच्या हाताने काढाव्यात, एवढाच विचार होता. बैठक, वर्गणी, कोण काय काढणार, हे सगळं दोन रविवारांत ठरलं.

मग ऑक्टोबरात महापालिकेत अर्ज दिला. विषय: ‘सार्वजनिक भिंतीवर चित्र काढण्यास परवानगी मिळणेबाबत.’ पंधरा दिवसांनी चौकशीला गेले, तर अर्ज जाहिरात परवान्याच्या टेबलावर जाऊन बसलेला. सार्वजनिक भिंतीवर चित्र आणि खाली गल्लीतल्या मंडळाचं नाव, म्हणजे ती जाहिरात. चौरस फुटाप्रमाणे फी भरा. मी परोपरीने सांगितलं, यात विकायचं काही नाही, हा आमच्या पुराचा इतिहास आहे. उत्तर एकच, “तुम्हीच चित्र लिहिलंय ना?”

दुसरा अर्ज केला. विषय: ‘भिंतीचे लोकसहभागातून सुशोभीकरण करण्यास ना-हरकत मिळणेबाबत, कोणतीही जाहिरात किंवा प्रायोजकाचे नाव नाही.’ मंडळाचं नाव संकल्पचित्रातूनही काढलं. तुम्ही पहिल्याच अर्जात असं लिहा. अर्ज त्याच दिवशी जाहिरातीच्या टेबलावरून सुटला आणि नवा प्रश्न आला, भिंत कुणाची?

भिंतीची एक बाजू नाल्याकडे, एक रस्त्याकडे. रस्त्याचं काम बघणारे म्हणाले, ती नाल्याची संरक्षक भिंत, आमची नव्हे. नाल्याचं बघणारे म्हणाले, तोंड रस्त्याला आहे, त्यांनाच विचारा. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. वर्ग सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून मी सकाळी साडेदहाला दारात उभी असायची आणि साहेब ‘साइटवर’ असायचे. फाईल ‘सहीला आहे’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. एकदा गल्लीतल्या वयस्कर कुंभारकाकांना सोबत नेलं. गुडघेदुखीत दोन जिने चढून आलेल्या माणसाला कुणी बसा म्हणालं नाही. त्या दिवशी मी टेबलावर हात आपटला. त्याने फाईल तसूभरही हलली नाही, पण आपटला याचा मला पश्चात्ताप नाही.

गल्लीतली पोरं वैतागली होती. “वहिनी, एका रात्रीत उरकून टाकूया की, कोण इचारतंय?” मी ठाम राहिले. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे, त्यात लेखी परवानगी नसली तर कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. त्यापेक्षा मोठी भीती ही, की कुणीतरी येऊन लोकांच्या हातचं काम चुना फासून पुसून टाकेल.

शेवटी जानेवारीत माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि एकच प्रश्न विचारला: ही भिंत कोणत्या विभागाने, कोणत्या कामातून बांधली? ३० दिवसांची मुदत असते. सत्ताविसाव्या दिवशी कार्यादेशाची, म्हणजे वर्क ऑर्डरची, झेरॉक्स हातात पडली. विभागाचं नाव त्यावर छापलेलंच होतं. तो कागद जोडल्यावर नऊ दिवसांत ना-हरकत मिळाली. हा प्रश्न मी नोव्हेंबरातच लेखी विचारायला हवा होता. आणि हो, अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्याच. माझ्याकडे ती होती म्हणून पहिला अर्ज ‘सापडत नाही’ म्हणता आलं नाही.

ऑक्टोबरात भिंत ओली होती, हे मान्य करते. फेब्रुवारीत तळहात लावला तर कोरडी लागली. तरी खालच्या दोन फुटांना लोणा, म्हणजे ओलीने फुटलेला पांढरा खार, होता. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, चार दिवस वाळवून मगच प्रायमर लावला. तिथे घाई केलीत तर पहिल्याच पावसात पोपडे निघतील. खरबरीत भिंत रंग फार पिते, साठ फूट लांब आणि आठ फूट उंच भिंतीला पायाच्या रंगाचे दोन हात मारताना दहा लिटर पुरला नाही.

प्रत्येक घराला मी एकच विचारलं होतं: पाणी आलं तेव्हा माळ्यावर सगळ्यात आधी काय नेलं? कुणी गॅसची टाकी काढली, कुणी ट्रंक, कुणी मूर्तींचे साचे. एका काकींनी शिलाई मशीन काढलं. मशीनचं चाक गोल येईना, सहा वेळा पुसलं आणि सातव्यांदा भाकरीचा तवा टेकवून आखलं.

पाण्याच्या रेषा मात्र कुंभारकाकांनीच मारल्या. गेरू लावलेलं सूत दोघांनी ताणून धरलं, टिचकी मारली आणि त्या खुणेवर काकांनी गणपतीचे डोळे आखायचा बारीक ब्रश टेकवला. साठ फूट लांब रेष, आणि तो ब्रश बोटभर! मी म्हटलं, मोठा घ्या. “डोळ्याचा हात आहे, दुसरा कुठला येत नाही,” म्हणाले. २००५, २०१९, २०२१ अशा तीन रेषांना तीन सकाळी लागल्या आणि त्या वेळात मागे उभी असलेली पोरं चिडीचूप होती.

उजवीकडे तीन फूट जागा कोरी ठेवली आहे, ज्यांचं घर राहून गेलं त्यांच्यासाठी. परवा एकजण सायकल थांबवून सांगून गेले, “आमची म्हैस राहिली बघा.” या रविवारी ती काढायची आहे.