घराण्याच्या ट्रस्टकडे छोटी देणगी मागताना

दहा पानी प्रस्ताव नको, दोन पानं पुरतात. आधी आपल्या संस्थेचं नाव तपासा. धर्मादाय आयुक्तांच्या दाखल्यावर ‘मंडळ’, पॅनवर ‘मंडळ ट्रस्ट’ आणि बँकेत तिसरंच असेल तर फाईल तिथेच अडकते.

‘अभ्यासिकेला मदत हवी’ असं मोघम लिहू नका. १२ टेबलं, २४ खुर्च्या, वाहतूक धरून ६८,००० रुपये. पैकी १५,००० वर्गणीतून जमलेत, असं लिहा आणि दोन कोटेशनं जोडा. स्वतःचा वाटा दिसला की विश्वस्तांना भरवसा वाटतो.

कॉर्पस (मूळ रक्कम कायम राखून ठेवायचा निधी) म्हणून मात्र मागू नका. आयकर सवलत घेणाऱ्या ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेली कॉर्पस देणगी देणाऱ्या ट्रस्टच्या धर्मादाय खर्चात धरली जात नाही. साधी देणगीसुद्धा २०२३च्या वित्त कायद्यापासून ८५ टक्केच धरली जाते.