दिवसाला एकच संधी

“काका, आज याचं काही कळायचं नाही. इंजिन इथंच राहू दे, उद्या सकाळी बघू,” मी म्हटलं आणि काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी टाळतोय. त्यांच्या होडीचं इंजिन तर आमच्यासमोर पाण्याच्या पिंपात छान घुमत होतं.

अडचण नेमकी तीच होती. २० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, एका कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चालणारं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. पहाटे दोरी ओढली की दुसऱ्या-तिसऱ्या झटक्यात सुरू व्हायचं, पण चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा दांडा) आत ढकलला किंवा गियर टाकला की बंद. पाच-सात मिनिटं कसंबसं तगवलं की मग दिवसभर तक्रार नाही. असा दोष गरम इंजिनावर सापडत नाही. आणि एकदा चालवलं की ते तापतं, पुरतं गार व्हायला रात्र जावी लागते. म्हणजे तपासायला दिवसाला एकच संधी.

आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग नवे, फिल्टर नवा, टाकीत ताजं पेट्रोल. आणि आयडलचा, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्याचा, स्क्रू कुणीतरी चांगलाच आवळलेला. याचा मला खरंच राग येतो. आयडल वाढवलं की इंजिन थोडं कमी बंद पडतं, पण रोग तसाच राहतो, आणि चढ्या आरपीएमवर गियर टाकत राहिलं की क्लचचे दात झिजतात. शिवाय काका होडीवर एकटेच असतात. धक्क्यावरून सुटून खडकांजवळून वळताना इंजिन गेलं तर हातात फक्त वल्हं. एकदा तसं झालंही होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पिंप भरलं. पाणी कमी पडून चालत नाही, कोरडं फिरलं की पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो. काय करायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. सुरू केलं, चोक आत ढकलला, आवाज बसायला लागला तसा पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. पंप कमजोर असता किंवा नळी हवा ओढत असती तर इंजिन सावरलं असतं. नाही सावरलं, बंद पडलं. लगेच पुन्हा सुरू केलं आणि या वेळी आवाज बसताना चोक अर्धा बाहेर ओढला. तत्क्षणी उचललं.

म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत नीट पोचतंय, पण पुढे पुरेसं जात नाहीये. एरवी १ भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. गार इंजिनात मात्र पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थेंब होऊन मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटतं, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. चोक त्यासाठीच. आणि थ्रॉटल मिटलेला असताना सगळी मदार एका बारक्या स्लो जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या भोकाच्या तुकड्यावर असते.

मॅनिफोल्डचं गॅस्केट शाबूत होतं, म्हणजे तिथून जास्तीची हवा शिरत नव्हती. कार्ब्युरेटर उतरवून त्याचा बाउल, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, उघडला. तळाशी मधाच्या रंगाचा चिकट थर. काकांना विचारलं तेव्हा कळलं, इंजिन मध्ये चार महिने बंद होतं आणि पेट्रोल आतच राहिलं होतं. पेट्रोल उडून जातं, डिंक मागे राहतो.

मेन जेट उजेडासमोर धरला तर गोल, स्वच्छ ठिपका दिसला. स्लो जेट काकांच्या हातात दिला. “बघा, काय दिसतंय?” त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. “अर्धा चंद्र,” ते म्हणाले. अगदी बरोबर! भोक पुरतं बुजलेलं नव्हतं, म्हणून तर तापलेलं इंजिन तेवढ्यावर भागवून घ्यायचं.

अशा वेळी तार खुपसायचा मोह होतो. मी खुपसत नाही. जेट पितळेचा, भोक जरा जरी मोठं झालं तरी त्याचं माप कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजत ठेवला, आतले मार्गही फवारून घेतले, हवा मारली, पुन्हा भिजवला. तिसऱ्या खेपेला चंद्र पूर्ण झाला.

जोडल्यावर इंजिन तापू दिलं. आयडल १४०० वर उड्या मारत होतं, ते पुस्तकात दिल्याप्रमाणे ९५० वर आणलं. काका इंजिन घेऊन निघायला बघत होते. मी थांबवलं. उतरवलेल्या आयडलवर ते गार असताना टिकतं का, हे अजून कुठं पाहिलं होतं?

तिसऱ्या सकाळी इंजिन होडीवर चढवलं आणि होडी धक्क्याला बांधून ठेवली. सुरक्षेच्या खटक्याची दोरी काकांच्या मनगटाला अडकवली. त्यांनी चोक ओढला, दोरीला दोन झटके दिले, इंजिन लागलं. थोड्या वेळाने मी चोक हळूहळू आत ढकलायला सांगितलं. आवाज किंचित खाली आला आणि तिथंच स्थिरावला.

“आता गियर.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि गियर टाकला. खट्ट झालं, बांधलेला दोर ताणला गेला, मागे पाणी उसळलं. इंजिन चालूच. त्यांनी न्यूट्रल केलं, पुन्हा गियर टाकला, रिव्हर्स घेतला, असं चार-पाच वेळा. दुसरा हात सवयीने चोकवरच होता. मग तो त्यांनी काढला आणि म्हणाले, “दोर सोड रे.”