तळ्याकाठचा मुक्काम आणि भांड्यांचं पाणी

अमेरिकेत मिशिगनमधल्या सरकारी कॅम्पग्राउंडवर पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली भांडी घासता येत नाहीत. ते खरकटं पाणी झाडाच्या बुडाशीही ओतता येत नाही. हे मी आईला ती सोलापूरहून निघायच्या आधी फोनवर सांगितलं, इथं आल्यावर सांगितलं, आरव्हीत, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, बसल्यावर पुन्हा सांगितलं. दर वेळी ती "हो गं" म्हणाली. असले नियम पाणी उधळणाऱ्यांसाठी असतात, आपल्यासाठी नाहीत, अशी तिची पक्की समजूत.

सकाळी ती पातेल्यातलं पाणी एका झाडाला घालत असताना कॅम्प होस्ट बाई आल्या. होस्ट म्हणजे बहुतेक निवृत्त जोडपी. आपली आरव्ही घेऊन तिथंच मुक्काम ठोकायचा, जागेचं भाडं द्यायचं नाही आणि बदल्यात आल्यागेल्याकडे लक्ष द्यायचं. बाईंनी अगदी हसून सांगितलं, की खरकट्याच्या वासानं रात्री रकून (मांजराएवढे, उष्ट्यावर ताव मारणारे रानटी प्राणी) येतात, आणि साबण वाळूतून झिरपून शेवटी तळ्यातच जातो. पाणी टाकीत साठवा आणि जाताना सांडपाण्याच्या ठिकाणी रिकामं करा. आवाज चढवला नाही, दंडाचं नाव काढलं नाही. तेच मला जास्त लागलं.

कारण माझी आई पाणी वाया घालवत नव्हती ओ! ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं तिनं संसार केलाय. तांदळाचं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणाला, माठ विसळलेलं पाणी कढीपत्त्याला. पाण्याचा एक तांब्या घरात दोन कामं करून जातो. आणि तिला हे सांगणार कोण, तर ज्यांच्या दारातले फवारे भर पावसातही हिरवळीवर सुरू असतात ती माणसं. हे सगळं मी त्या बाईंना म्हणाले नाही. "सॉरी" म्हणाले आणि पातेलं आत नेलं. पण दिवसभर मनात भांडत होते.

खरं तर हा नियम सोलापूरकरानं सगळ्यात आधी उचलून धरायला हवा, हे मलाही कळतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, धरणाचं पाणी हिरवं पडतं, आणि शंभरेक किलोमीटरवरून नळानं येणारं तेच पाणी आपण गाळून, उकळून पितो. वरच्या अंगाला कुणी काय ओतलं याची किंमत खालच्यानं मोजायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इथल्यांनीही फार शहाणपणा सांगू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये शेजारच्या ओहायोतल्या टोलेडो शहराला पाणी देणाऱ्या ईरी तळ्यावर असंच हिरवं शेवाळ साचलं आणि सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता. त्याच वर्षी आमच्या मिशिगनमधल्या फ्लिंट गावात नळातून शिसं यायला लागलं. म्हणजे नियम आहेत ते आधी ठेच लागली म्हणून. असो. आईचं पातेलं निर्दोष आहे एवढंच माझं म्हणणं.

आता ज्यांचे आईबाबा उन्हाळ्यात इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आरव्ही भाड्यानं मिळते, साधा परवाना पुरतो. ती लिटरला जेमतेम चार किलोमीटर देते, ते मनाला लावून घ्यायचं नाही. खरी मारामारी जागेची. इथल्या सरकारी उद्यानांचं आरक्षण बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं. जुलैच्या मध्यावर तळ्याकाठी राहायचं तर जानेवारीच्या मध्यावर, खिडकीबाहेर बर्फ असताना, संगणकापुढे बसायचं. तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसहा आणि ऐन गड्ड्याची जत्रा. बाबा होम मैदानावरून व्हिडिओ कॉलवर होते. मागं पाळण्यांचा कल्ला आणि इकडे माझ्या डोळ्यांदेखत मोकळ्या जागांचा एकेक हिरवा चौकोन लाल होत होता.

नकाशावर सगळ्याच जागा "तळ्याजवळ" असतात. इथल्याच हॉलंड नावाच्या उद्यानाला किनारा अगदी लागून, पण गाड्या उभ्या करायच्या डांबरावर, सावलीच्या नावानं बोंब. हॉफमास्टरला झाडी दाट, कारण कॅम्पग्राउंड वाळूच्या टेकड्यांच्या मागं. स्लीपिंग बेअर ड्यून्सचं डी. एच. डे कॅम्पग्राउंड फार देखणं म्हणतात, पण तिथं वीज नाही की अंघोळीची सोय नाही. बाबांच्या गुडघ्यांना आणि आईच्या सकाळच्या अंघोळीला ते झेपलं नसतं. त्याच भागातल्या प्लॅट रिव्हरला दोन्ही आहे. मुलं लहान असतील तर मी लडिंग्टनकडे बघेन. एका अंगाला मिशिगन तळं, दुसऱ्या अंगाला हॅमलिन तळं. मोठ्यात थंडगार पाणी आणि लाटा, धाकट्यात पाणी उथळ आणि कोमट. मोठ्या तळ्याला आई शेवटपर्यंत समुद्रच म्हणत होती, आणि तिचं फारसं चुकत नाही. किनाऱ्यावर बावटे असतात, आणि दोन लाल बावटे एकदम लागले की पाण्यात पाय घालायलाही बंदी. सोलापूरच्या कंबर तलावाकाठी वाढलेल्या मला लाट ओढून नेते हे कळायला वेळ लागला, मुलांना नाही.

पण देखाव्याआधी मी बघते ते हुकअप, म्हणजे गाडीला जागेवर मिळणाऱ्या जोडण्या. सरकारी जागांवर बहुधा वीज तुमच्या खांबाशी मिळते, पाणी मात्र सामाईक नळावरून भरून घ्यायचं आणि सांडपाणी गाडीच्याच पोटात घेऊन हिंडायचं. खाजगी ठिकाणी पाणी, वीज, सांडपाण्याची नळी असं तिन्ही जागेवर मिळतं, त्याला फुल हुकअप म्हणतात. भाड्याच्या गाडीत वापरलेल्या पाण्याची टाकी तीस-चाळीस गॅलनची, म्हणजे साधारण एकशे पंधरा ते दीडशे लिटर. इथली कुटुंबं ती दोन दिवसांत भरतात. आमच्या सहा माणसांना ती पूर्ण मुक्काम पुरली, आणि याचं श्रेय आईचं. बादली-तांब्याच्या अंघोळी, एका पातेल्यात सगळी भांडी. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे भिंतीवर असतात. बाबा ते बटण दर तासाला दाबून "अजून अर्धी बी न्हाई" असं जाहीर करायचे.

बाबांचा दुसरा मानाचा क्षण गाडी लावताना आला. आमची जागा उलटी गाडी घालायची होती. सरळ घुसून सरळ निघता येईल अशा जागा महाग आणि आधी संपतात. नवरा घामाघूम, मी फोनवर व्हिडिओ बघतेय, शेजारचे खुर्च्या टाकून तमाशा बघतायत. बाबांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलीय. ते मागं जाऊन उभे राहिले, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या", आणि शेवटी गाडीच्या पत्र्यावर एकच थाप. एक थाप म्हणजे थांबा, हे नवऱ्यालाही सांगावं लागलं नाही. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापुरता आमचा हिशोब चुकता झाला.

रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते. जुलैत तिथं सूर्यच सव्वानऊच्या पुढं मावळतो, त्यामुळं जेवण, शेकोटी आणि बाबांचे किस्से पाऊण तासात उरकावे लागतात. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही, एवढ्यावर भागलं म्हणून बरं. घासायला फार भांडी नव्हती.

पुढच्या उन्हाळ्याला आता घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला फुल हुकअप हवंय, म्हणजे सांडपाण्याची नळी थेट गटाराला आणि कुणी काही बोलायला नको. मला सरकारीच बरं वाटतं, झाडी असते आणि स्वस्त पडतं. आईला फोनवर भाड्यातला फरक सांगितला तर म्हणाली, "एवढ्याशा पाण्याला एवढे पैसे? मी बादली धरते की. त्या बाई कुठं बसतात तेवढं बघून जागा घे."